आईच्या साखरेचा रकाना

परवा एका लग्नात जेवताना शेजारी बसलेल्या चुलतभावानं मला कोपरानं ढोसलं. म्हणाला, "तुमची ते आईची शीट हाय ना मोबाइलवरची, तिची कोरी कॉपी पाठवजो बरं मले. आमच्या बाबासाठी करतो. तुमच्यासारखे भावंडं पाह्यले नाई बाप्पा. एक पुण्यात, एक नागपुरात, एक नेरले, अन् तिघंही आईच्या उशाशी!"

मी म्हणालो, "पाठवतो."

त्या "पाठवतो"चाच मला घरी येईपर्यंत राग येत राहिला. जन्मभराची खोड आहे माझी. समोरच्याला बरं वाटेल ते एका शब्दात बोलायचं आणि ताट उचलून निघायचं. गप्प माणूस म्हणून नातेवाइकांत माझी इज्जत आहे. गप्प बसून काय काय करता येतं, ते त्यांना माहीत नाही. कोरी कॉपी मी पाठवली नाही. भरलेली शीट आम्ही तिघांनी कशी भरली, ते इथं लिहितो. ते वाचूनही त्याला हवी असेल तर त्यानं खुशाल करावी.

वडील गेल्यापासून आई माझ्याकडे, यवतमाळजवळच्या नेरला असते. मी शेती पाहतो, कापूस आणि तूर. बायको घरीच शिवणकाम करते. मोठा भाऊ पुण्यात एका कंपनीत साहेब आहे, बहीण नागपुरात बँकेत. मागच्या दिवाळीनंतर आईची साखर फार वाढली आणि यवतमाळच्या डॉक्टरांनी इन्शुलिनची सुई सुरू केली, सकाळ-संध्याकाळ. म्हणाले, रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचून साखर मोजा आणि आकडे मला दाखवत जा, त्यावरून डोस ठरवता येईल. आणखी एक म्हणाले, "म्हातारीशी बोलत जा रे सगळे. एकटं वाटतं तिला."

दादानं दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्या बसल्या फोनवर शीट तयार केली. तो ज्या सफाईनं ते करत होता ते पाहून मला खरंच कौतुक वाटलं होतं. तारखा, मग सकाळची साखर, सुई दिली का, जेवण किती, फिरवलं का. आणि शेवटी दोन रकाने: "दादा बोलला", "ताई बोलली". बोलून झालं की चौकटीवर बोट दाबायचं, खूण उमटते, चौकट हिरवी होते. साखरेची चौकट सकाळी नऊपर्यंत रिकामी राहिली तर आपोआप लाल. लिंक आम्हा तिघांना आणि डॉक्टरांना.

"आता आपण तिघं एकाच घरात आहोत असं समज," दादा म्हणाला. "कोणावर लोड नाही. सगळ्यांना सगळं दिसतं."

सुरुवातीला मला ते आवडलंही. मी इथं ओट्यावर बसून आकडा टाकायचो आणि तेवढ्यात पडद्यावर निळी चौकट यायची, तिच्यावर दादाचं नाव. मग गुलाबी, ताईची. मी लिहीत असताना त्या दोन्ही माझ्या हिरव्या चौकटीच्या आजूबाजूला फिरायच्या. लहानपणी एका दिव्याखाली तिघं अभ्यासाला बसायचो, तसं वाटायचं. पंधरा दिवस वाटलं असेल. मग त्या चौकटी बोलायला लागल्या.

"आज आकडा उशिरा का?"

"जेवणाच्या रकान्यात 'थोडं' लिहू नकोस. थोडं म्हणजे किती? अर्धी, एक, दीड असं लिही."

"फिरवलं, पण किती मिनिटं?"

ताई लिहायची, "मोजतानाचा फोटो टाकत जा ना, आईची बोटं दिसली की बरं वाटतं." बोटं पाहून बरं वाटतं! आईची बोटं टोचून टोचून काळी पडली होती. सुई पुढे केली की ती हात पदरात घ्यायची. "कायले टोचतं रे रोज रोज? मी काय चाळणी हाओ?" तिला समजावून, हात धरून, एक थेंब काढायला अर्धा तास जायचा. त्या अर्ध्या तासाला शीटमध्ये रकाना नव्हता. तिकडं कापूस वेचणीच्या बाया चौकात येऊन उभ्या राहिलेल्या असायच्या. उशीर झाला की दुसऱ्याच्या गाडीत बसून जायच्या. तरी मी मोजत होतो. हे लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल मी कधीच मोजलं नाही.

एके संध्याकाळी आईच्या खाटेशी बसून तूर निवडत होतो. ती म्हणाली, "आज कोणाचाच फोन नाई आला रे."

मी म्हणालो, "आला असन. तू विसरली असशीन."

"इतकी नाई विसरत मी. दिवसभर फोन उशाले घेऊन बसली हाओ."

मी शीट उघडली. "दादा बोलला": हिरवं. "ताई बोलली": हिरवं. मग आईचा तो बटणांचा फोन घेतला आणि आलेले फोन पाहिले. कोणाचाही नव्हता. आदल्या दिवशीचाही नव्हता. त्याच्या मागे एक ताईचा होता, मग पुन्हा बरेच दिवस कोरे. शीटमध्ये मात्र ते सगळे दिवस वरपासून खालपर्यंत हिरवेगार, कपाशीच्या, आमच्या पऱ्हाटीच्या, नव्या ओळींसारखे.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम शीट उघडी ठेवून बसलो. दुपारी निळी चौकट आली, त्या रकान्यात थांबली, खूण उमटली, गेली. माझ्या डोळ्यांदेखत. आई माझ्यासमोर बसून भिंतीकडं पाहत होती आणि तिचा मुलगा तिच्याशी बोलून मोकळा झाला होता. त्याच्या मनात रात्री फोन करायचं असेलही. आधी खूण, मग फोन, असं त्यानं ठरवलं असेल. पण रात्रीही फोन आला नाही.

इतका संताप मला भावाचा कधी आला नव्हता. आणि मी काय केलं? तिथंच फोन लावून "दादा, खोटी खूण काहून करतं?" एवढं विचारायचं होतं. विचारलं नाही. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "अजी, मंग त्याईलेच सांगा ना, मले सांगून काय होते?" मी उठून शेतात गेलो.

आणि त्याच आठवड्यात एका सकाळी आईनं हात दिला नाही, बाहेर बायांना शेतात नेणारा टेम्पोवाला हॉर्न मारून राहिला होता, तेव्हा मी आदल्या दिवशीचा आकडा पाहिला, त्याच्यापेक्षा थोडा कमी आकडा टाकला आणि निघालो.

काहीही झालं नाही. चौकट लाल झाली नाही. दादानं अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी थोडा जास्त टाकला. तिसऱ्या दिवशी मशीन कपाटातून काढलीसुद्धा नाही. मनात म्हणायचो, तुम्ही खुणा करा, मी आकडे करतो, काय फरक आहे? फरक होता. खोट्या खुणेनं आईचं मन दुखत होतं. माझ्या आकड्यावरून तिच्या पोटात सुई जात होती. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हटलं तर तेही खोटंच होईल. मी तिकडं पाहत नव्हतो, इतकंच.

मोजायच्या पट्ट्या दादा पुण्याहून कुरिअरनं पाठवायचा. न फोडलेले डबे डाळीच्या पिंपामागं साचत गेले. बायको एकदा म्हणाली, "ह्या पट्ट्यांचं काय लोणचं घालू?" मी हसलो. ती हसली नव्हती.

इकडं आईच्या दाढा काढल्या आणि तिचं खाणं कमी झालं. वरणात चुरलेली पोळी, तीही अर्धी टाकून द्यायची. खरी साखर नक्कीच उतरत असणार. मी मात्र दिवाळीनंतरचे जुने आकडे थोडे वर-खाली करून लिहीतच होतो. डॉक्टरांनी शीट पाहिली. उपाशीपोटी साखर इतकी का राहते म्हणून डोस वाढवला. पुढच्या वेळी आणखी वाढवला. आईला प्रत्यक्ष दाखवायला न्यावं का, असं मी एकदा विचारलं होतं. दादा म्हणाला, "एवढ्या थंडीत कशाला तिला बसमध्ये हलवतोस? शीटवर सगळं आहे." मी पुन्हा विचारलं नाही. प्रत्यक्ष नेलं असतं तर तिथं बोट टोचलं असतं आणि माझं उघडं पडलं असतं. थंडीचं कारण मला फार सोयीचं होतं.

एका दुपारी बायकोचा शेतात फोन आला. "लवकर या. आई घामानं भिजली हाय अन् मले ओळखून नाई राह्यली." मी पोचलो तेव्हा आई खाटेच्या कडेला बसून हवेत काहीतरी वेचत होती, बोंडातून कापूस काढावा तशी बोटं चालत होती. बायकोनं तिला साखरेचं पाणी पाजलं होतं, अर्धं लुगड्यावर सांडलं होतं. गाडी करून यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी तपासलं तर साखर पार खाली गेलेली. सलाइन लावली. तासाभरानं आईनं माझ्याकडं पाहून विचारलं, "वेचणी सोडून इथं काय करून राह्यला?" 

डॉक्टर फोनवर शीट उघडून उभे होते. "सकाळचा आकडा एवढा जास्त आणि दुपारी ही अवस्था. हे जुळत नाही. मशीन बरोबर आहे ना तुमची?"

दादा फोनवर होता, स्पीकर चालू होता. लगेच म्हणाला, "मशीनच खराब असणार. नेरच्या मेडिकलमधून घेतलीय ना? तिथं काय मिळणार!"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "असन."

तो एक शब्द मी वर लिहिलेल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा आहे. कपाटात पडलेल्या मशीनवर मी तो ढकलला. पण मशीन ज्यानं विकली तो माणूस होता. नेरच्या स्टँडजवळ त्याचं मेडिकल आहे. माझ्या वयाचा, आमच्या दोघांचे वडील एकमेकांना सलाम-रामराम करणारे. मशीन देताना त्यानं स्वतःचं बोट टोचून मला दाखवलं होतं, कशी लावायची ते. ताईनं त्याच संध्याकाळी नागपुराहून त्याला फोन केला आणि नको नको ते बोलली. वर नातेवाइकांच्या गटात टाकलं: नेरच्या अमुक मेडिकलमधून कोणी काही घेऊ नका, आमच्या आईचा जीव गेला असता.

तो दवाखान्यात आईला पाहायला आला. आईसाठी बिस्किटं आणली होती. व्हरांड्यात मला म्हणाला, "भाऊ, मशीन मले द्या. मी माझ्या मशीनसंग लावून पाह्यतो. खराब निघाली तर मी स्वतः तुमच्या ताईची माफी मागतो."

मी म्हणालो, "फेकून देल्ली भाई ते."

त्यानं बिस्किटं माझ्या हातात ठेवली. मग "ठीक हाय" म्हणून गेला.

आता खरी गंमत पुढं आहे, आणि ही गंमत आमच्यासारख्यांच्याच घरी होऊ शकते. दवाखान्यातल्या दुसऱ्या सकाळी मी आईच्या खाटेशी बसलो होतो. नर्सनं येऊन बोट टोचलं, साखर मोजली, कागदावर लिहिली, गेली. माझ्या हातात फोन होता. शीट उघडी होती. नऊ वाजत आले होते, चौकट लाल होणार होती. आणि मी, सवयीनं, भीतीनं, कशानं म्हणू, नेहमीसारखा एक आकडा टाकला. मशीन नेरला कपाटात आणि मी यवतमाळच्या वॉर्डात!

दादाला तो आकडा दिसला. नर्सनं मोजलेला आकडा त्यानं डॉक्टरांकडून मागवला. दोन्ही एकाच सकाळचे. त्याला वाटलं, मी मशीन बरोबर आणलीय आणि तुलनेसाठी मोजलंय. "शाब्बास," त्यानं लिहिलं. "हेच हवं होतं. आता मशीन किती जास्त दाखवत होती ते कळलं."

आम्ही घरी आलो. डॉक्टरांनी तात्पुरता डोस कमी करून दिला होता. पक्का डोस दुसऱ्या दिवशी आकडे पाहून फोनवर सांगतो म्हणाले होते. संध्याकाळी मी शीट उघडली तर दादाची निळी चौकट तिथं होती. त्यानं एक नवा रकाना केला. वर लिहिलं: "सुधारित साखर". पहिल्या चौकटीत त्यानं फॉर्म्युला टाकला: माझ्या आकड्यातून तो फरक वजा. मग चौकटीचा कोपरा धरून खाली ओढला. आणि माझ्या डोळ्यांसमोर, दिवाळीपासून आजपर्यंत, सगळ्या तारखांना नवे आकडे झरझर उमटत गेले. स्वच्छ, गोल, एका रेषेत. मी कल्पनेनं लिहिलेल्या साखरेतून त्यानं हिशेबानं खरी साखर काढली होती. ताईची गुलाबी चौकट आली आणि तिनं शेजारी लिहिलं, "दादा, ग्रेट."

उद्या डॉक्टर हे पाहणार होते. त्यावर सुई ठरणार होती. आई आत वरण-पोळी खात होती आणि बायकोला सांगत होती की मीठ कमी आहे.

मी त्या रकान्याच्या खाली, रिकाम्या चौकटीत लिहिलं: "हे आकडे खोटे आहेत. मी मोजत नव्हतो. मशीन चांगली आहे."

निळी चौकट हलली. माझ्या चौकटीवर येऊन थांबली. आणि माझी ओळ पुसली गेली.

मी पुन्हा लिहिली. त्यानं पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा मी लिहीत होतो आणि तो माझ्या बोटांखालून पुसत होता. पुण्यातला भाऊ आणि नेरातला भाऊ, एका चौकटीवर. याला एकत्र काम करणं म्हणतात. ताईची गुलाबी चौकट बाजूला उभी होती, जागची हलत नव्हती. मग फोन वाजला.

"वेडा झालास का?" दादा. "शीट डॉक्टरांना दिसते!"

"म्हणूनच लिहून राह्यलो."

"आपण आपसात बोलू. आधी ते काढ. तू मोजत नव्हतास म्हणजे काय? एक-दोन दिवस चुकलं असेल."

"दुसऱ्या वेचणीपासून नाई मोजलं. एकही दिवस नाई."

 मग त्याचा आवाज चढला. "तुझ्या भरवशावर आई ठेवलीय आम्ही! ती मेली असती!"

"हो."

"हो काय हो?"

"मेली असती. माझ्यानं. हे मान्य हाय मले. आता तू सांग, तू आईशी कधी बोलला शेवटचा?"

"तो विषय वेगळा आहे."

"शीट एकच हाय, दादा. रोज हिरवं हाय तुयं."

"मी काय रिकामा बसलोय का? मीटिंगमधून..." आणि मग एकदम खालच्या आवाजात, "सेल लाल दिसला की कसंतरी होतं रे."

तेच. मलाही तसंच व्हायचं. क्षणभर मला त्याची दया आली, आणि लगेच तो म्हणाला, "हे बघ, मी जुन्या तारखा सगळ्या डिलीट करतो. नव्या मशीनपासून नवीन शीट करू. कोणाला काही सांगायची गरज नाही." दया तिथंच संपली. दवाखान्यातून उठून आलेली आई, पाणउतारा झालेला मेडिकलवाला, हे सगळं त्याला निवडून पुसून टाकायचं होतं. मी फोन ठेवला आणि डॉक्टरांना लावला. शीटवर लिहून हे सांगता येईल असं मला वाटलं, तोही त्या शीटचाच गुण. तोंडानं सांगायला हवं होतं, तेही दवाखान्यातच.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. त्यातला एकही शब्द जास्त नव्हता. शेवटी म्हणाले, "शीट बंद करा. उद्यापासून कोणत्याही मशीननं मोजा, पण मोजा. आणि चार दिवसांनी आईला घेऊन या, मला तिचं तोंड पाहू द्या."

सकाळी जुनी मशीन पिशवीत घालून मेडिकलवर गेलो. फेकलेली मशीन माझ्या पिशवीतून निघाली. त्यानं माझं बोट टोचलं, एक थेंब माझ्या मशीनला, एक त्याच्या. दोन्हीत जवळजवळ तोच आकडा.

मी म्हणालो, "मशीनची गलती नव्हती भाई. माझी होती."

"मशीन बोलत नाई, तिच्यावर ढकललं, समजू शकतो मी," तो म्हणाला. "मी तर बोलून राह्यलो होतो ना भाऊ? तुमच्यासमोर उभा राहून मांगून राह्यलो होतो."

मी मशीन पुन्हा पिशवीत घातली.

"तुमच्या ताईनं जिथं लिवलं, तिथंच लिवा. मले काही नको."

मी तिथंच, त्याच्या काउंटरला टेकून, गटात लिहिलं: "मशीन चांगली होती. मेडिकलवाल्याची काही चूक नव्हती. चूक आमच्याकडून झाली." आणि त्याला दाखवलं. त्यानं वाचलं. "आमच्याकडून," तो म्हणाला आणि पट्टीचा डबा कपाटात ठेवायला वळला. तो एक शब्द त्याला बरोबर दिसला. त्यात मी दादाला आणि ताईला ओढून माझा वाटा कमी केला होता. गटात कोणी काही विचारलं नाही. दोघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, एकानं गुड मॉर्निंग टाकलं, ओळ वर सरकून गेली. म्हणूनच परवा लग्नात चुलतभाऊ ती शीट मागत होता. म्हणून आज आमच्याकडून नाही, माझ्याकडून, असं लिहितो आहे.

ताई माझ्याशी अजून नीट बोलत नाही. तिनं मेडिकलवाल्याला फोन केलेला नाही. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगणार आहे. दादानं नवीन शीट केली होती, तिची लिंक पाठवली. मी उघडली नाही.

मेडिकलवर जाऊन आलो त्याच संध्याकाळी आईचा फोन वाजला. मी दादाचं नाव वाचून सांगितलं आणि ती ताडकन उठून बसली.

"काय झालं रे? कोणी गेलं का?"

तिकडून दादा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग असाच केला? असाच कसा करन तू?" आणि फोन कानाला धरूनच, दुसरा हात माझ्यापुढं केला. सकाळी मशीन मेडिकलवर नेल्यानं मोजायचं राहिलं म्हणून मी मशीन घेऊन बसलो होतो. मी बोट टोचलं. ती "स्स" म्हणाली, आणि तिकडं दादानं विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "काही नाई. हा टोचून राह्यला. खरंच टोचून राह्यला आता."